रक्तातील पाठभेद : डी.एन.ए.ची रचना आणि मुंबईचा रक्तगट

शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुविदितच आहे. ग्रंथ सिद्ध होऊन तेव्हा सुमारे तीनशे वर्षे लोटली होती. या तीन शतकांत पोथीवरून पोथी उतरत गेली. लेखनिकाच्या हातून कोठे अक्षर गळाले, कोठे अधिक पडले, कोठे एकाच्या जागी दुसरे बसले, आणि पुढच्या लेखनिकाने समोरच्या पोथीत जे दिसले तेच प्रमाण मानून इमानाने उतरवून घेतले. पाठभेद उत्पन्न होतात ते असे. केवळ लेखनिकाच्या निष्काळजीपणामुळे ते होतात असे म्हणता येत नाही. नक्कल करण्याच्या कामाचा तो स्वभावधर्मच आहे.

विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्णत्वास नेले. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्यासारख्या संपादकांनी या कार्यात पाठभेदांकडे निराळ्या दृष्टीने पाहण्यास अभ्यासकांस शिकविले. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक एकाच जागी आढळली, तर त्या दोन्ही पोथ्या कोणा एका पूर्वप्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा तर्क करता येतो. अर्थात् चूक ही नुसती चूक न राहता वंशाची खूण होते. आमच्या उज्जयिनीत १९३१ साली स्थापन झालेल्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात जी हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत, त्यांचे नातेगोते लावावयाचे तर याच मार्गाने जावे लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कागदावरील वा भूर्जपत्रावरील अक्षर नसून प्राणिमात्राच्या पेशींत लिहिलेले अक्षर हा आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य शाळेत व ग्रंथालयात गेले, रसायनशाळेत नव्हे. तथापि ज्यास सर्वत्र डी.एन.ए. म्हणतात त्या द्रव्याची रचना कशी उलगडली, याचा वृत्तान्त वाचताना पाठचिकित्सेची आठवण पदोपदी व्हावी, इतके या दोन विषयांत साम्य आहे. शिवाय या वृत्तान्ताचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील परळच्या वैद्यकीय परिसराशी बांधलेला असून मराठी वाचकांत त्याची चर्चा क्वचितच होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

केंद्रकातील द्रव्य

१८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फ्रीड्रिख मीशर या तरुण स्विस वैद्याने रुग्णालयातून आणलेल्या जखमांच्या पट्ट्यांवरील पू तपासावयास घेतला. त्याची प्रयोगशाळा तेथील जुन्या गढीच्या मुदपाकखान्यात होती. पुवातील पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांतून त्यास एक फॉस्फरसयुक्त द्रव्य मिळाले. ते कोणत्याही ज्ञात प्रथिनासारखे नव्हते. केंद्रकातून, म्हणजे न्यूक्लियसमधून, निघाले म्हणून मीशरने त्यास ‘न्यूक्लिन’ असे नाव दिले. आजचे डी.एन.ए. ते हेच.

पुढे पाऊणशे वर्षे या द्रव्यास फारसा मान मिळाला नाही. त्याची घटकद्रव्ये सापडली ती अशी : एक शर्करा, एक फॉस्फेट, आणि चार प्रकारचे क्षारक. या चार क्षारकांची नावे ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन. सोयीसाठी आपण त्यांस अ, थ, ग, स म्हणू. ज्या वर्णमालेत अवघी चारच अक्षरे आहेत, तिच्यात सृष्टीतील एवढे वैचित्र्य कसे लिहिले जाईल, असा प्रश्न विद्वानांपुढे होता. आणि म्हणून पित्याचे नाक पुत्रास व आजीचे डोळे नातीस देणारे द्रव्य प्रथिनच असावे, अशी समजूत दृढ झाली होती. प्रथिनांची वर्णमाला वीस अक्षरांची, म्हणून तिच्यावर भिस्त अधिक.

१९४४ साली न्यूयॉर्क येथील ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड व मॅक्लिन मॅकार्टी या तिघांनी या समजुतीस पहिला जबर धक्का दिला. फुप्फुसदाहाच्या घातक जंतूंतून काढलेले शुद्ध डी.एन.ए. त्यांनी निरुपद्रवी जंतूंस दिले, तेव्हा त्या जंतूंचे रूप पालटले आणि पालटलेले रूप त्यांच्या पुढील पिढ्यांतही उतरले. त्यानंतर एर्विन चारगाफ यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे डी.एन.ए. मोजून पाहिले. प्राणी कोणताही असो, त्यात अ जितके तितकेच जवळजवळ थ, आणि ग जितके तितकेच जवळजवळ स, असे त्यांस दिसून आले. ही जोडी का जमते, हे १९५० च्या सुमारास कोणासही सांगता येत नव्हते.

मुंबई, मे १९५२

याच सुमारास मुंबईच्या डॉक्टरांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला एक मनुष्य आणि शस्त्राचा वार झालेला दुसरा एक, अशा दोघांस रक्त देणे आवश्यक होते. तपासणीत दोघेही ‘ओ’ गटाचे दिसत. परंतु ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना. दीडशेहून अधिक दात्यांचे रक्त जुळवून पाहिले, तरी प्रत्येक वेळी तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून गोळे होत. अखेरीस जुळले ते मुंबईतीलच एका रहिवाशाचे, आणि त्या रहिवाशाचे रक्तही याच दोघांसारखे निघाले.

येथे रक्तगटांविषयी थोडे सांगितले पाहिजे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी आणि ओ हे गट दाखवून दिले. ज्याच्या तांबड्या पेशींवर ए हा प्रतिजन असतो त्याच्या रक्तरसात बी विरुद्धचे प्रतिपिंड असतात, बी असणाऱ्याच्या रक्तरसात ए विरुद्धचे असतात, आणि ओ गटाच्या मनुष्याजवळ दोन्ही प्रतिपिंड असतात. ओ गटाच्या पेशींवर ए नाही व बी ही नाही. म्हणून त्या पेशींवर कोणाच्याही प्रतिपिंडांचा हल्ला होऊ नये, अशी तोवरची समजूत. मुंबईच्या रुग्णांचे रक्त या ओ पेशींसही शत्रू मानीत होते.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी ही विसंगती चाचणीतील दोष म्हणून बाजूस सारली नाही, यात त्यांच्या कार्याचे मोल आहे. परीक्षानळीतील निकाल पुस्तकाशी जुळत नाही, तर नळीच चुकली असेल, असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेतील रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स या तज्ज्ञांचे साहाय्य घेतले, आणि या सातजणांचा संयुक्त निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या ३ मे १९५२ च्या अंकात प्रसिद्ध झाला. ओ गटाच्या पेशी कोऱ्या नसतात, त्यांवर ‘एच’ नावाचा एक प्रतिजन असतो; या मुंबईकरांच्या पेशींवर तो एच देखील नाही, आणि म्हणूनच त्यांच्या रक्तरसात एच विरुद्धचे प्रतिपिंड आहेत, असा या शोधाचा इत्यर्थ होय. तेव्हापासून या रक्तास जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. १९५७ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र स्थापन केले, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था म्हणजे त्याचेच वाढलेले रूप.

एच नाही म्हणजे काय, हे पुढे शर्करारसायनाने स्पष्ट केले. तांबड्या पेशीवर शर्करांच्या लहान लहान साखळ्या असतात. साखळीच्या टोकास फ्युकोज नावाची शर्करा बसली की एच तयार होतो. त्या एच वर आणखी एक विशिष्ट शर्करा बसली की ए, दुसरी बसली की बी. कोणतीच न बसली तर नुसता एच राहतो. तोच ओ गट. एच ही भिंतीतील खुंटी समजली, तर ए आणि बी ही तीवर अडकविलेली दोन निराळी पागोटी होत. बॉम्बे गटाच्या माणसाच्या भिंतीस खुंटीच नसते. त्याच्याजवळ वाडवडिलांकडून आलेले ए चे वा बी चे पागोटे असेलही; पण ते अडकवावयाचे कोठे?

छायाचित्र आणि प्रतिकृती

‘लॅन्सेट’चा तो अंक ज्या महिन्यात निघाला, त्याच महिन्यात, म्हणजे १९५२ च्या मे मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने डी.एन.ए.च्या तंतूचे क्ष-किरणांनी एक छायाचित्र घेतले. ‘छायाचित्र क्रमांक ५१’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. क्ष-किरण अशा तंतूतून जाताना विखुरतात आणि पटलावर काळे ठिपके उमटवितात. त्या ठिपक्यांच्या मांडणीवरून तंतूतील अणूंची मांडणी ताडावयाची असते. या चित्रातील ठिपक्यांची फुली पडली होती. जाणत्याच्या दृष्टीने या फुलीचा अर्थ एकच होता : हा रेणू मळसूत्रासारखा पिळलेला आहे.

१९५३ च्या जानेवारीत मॉरिस विल्किन्स यांनी हे छायाचित्र केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांस दाखविले. फ्रँकलिनबाईंस याची कल्पना नव्हती. त्यांच्या मोजमापांचा समावेश असलेला एक अहवालही वॉटसन व त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती आला होता. पत्र्याचे तुकडे व सळ्या जोडून प्रतिकृती उभारणाऱ्या या दोघांनी चारगाफ यांची अ-थ आणि ग-स ही जोडी, फ्रँकलिन यांची मापे व स्वतःची कल्पकता यांचा मेळ घालून रचना पूर्ण केली. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ पत्रात एकापाठोपाठ एक असे तीन निबंध छापून आले : पहिला वॉटसन-क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा, तिसरा फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांस मिळाले. फ्रँकलिन १९५८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्यांच्या वाट्यास आलेला तिसरा क्रम आणि त्यांच्या कार्याचे खरे स्थान यांतील अंतर इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हे सांगावयास नकोच. ज्या पोथीवरून संहिता ठरली त्या पोथीचा उल्लेख तळटीपेत जाऊन पडावा, असे ग्रंथव्यवहारातही घडत आले आहे.

ही रचना आहे तरी कशी? दोरीची निसण घेऊन तिला पीळ द्यावा, तसे तिचे रूप आहे. निसणीच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या शर्करा व फॉस्फेट यांनी आळीपाळीने विणलेल्या असतात. शर्करेचे नाव डीऑक्सिरायबोज, डी.एन.ए.तील ‘डी’ हे अक्षर तिच्यावरूनच आले. मधल्या पायऱ्या क्षारकांच्या. प्रत्येक पायरी दोन अर्ध्या तुकड्यांची असून एक अर्धा एका दोरीस व दुसरा दुसऱ्या दोरीस जोडलेला असतो. मध्यभागी हे अर्धे हायड्रोजन बंधांनी एकमेकांस धरून राहतात : अ आणि थ यांच्यात असे दोन बंध, ग आणि स यांच्यात तीन. अ व ग हे आकाराने मोठे, थ व स लहान. मोठ्याशी नेहमी लहानच जुळत असल्याने पायऱ्यांची रुंदी कोठेही कमीअधिक होत नाही. चारगाफ यांच्या समसमान मापांचे कोडे येथे सुटले.

निसणीची रुंदी सुमारे दोन नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दोन पायऱ्यांतील अंतर ०.३४ नॅनोमीटर. सुमारे दहा पायऱ्यांत मळसूत्राचा एक फेरा पुरा होतो, आणि हा पीळ उजवा असतो. दोन दोऱ्या परस्परविरुद्ध दिशांनी धावतात; एक वरून खाली वाचावी, तर दुसरी खालून वर वाचावी लागते. मनुष्याच्या एका पेशीतील सेहेचाळीस गुणसूत्रांतील डी.एन.ए. उलगडून सलग मांडले, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. आईकडून एक व बापाकडून एक अशा ज्या दोन संहिता आपणांस मिळतात, त्यांपैकी प्रत्येकीत सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत.

नक्कल आणि अर्थ

या रचनेचे खरे सौंदर्य तिच्या उपयुक्ततेत आहे. पोथीची नक्कल करावयाची तर शेजारी मूळ पोथी आणि मध्ये लेखनिकाची दृष्टी लागते. डी.एन.ए.ची एक दोरी हीच दुसरीची मूळ प्रत असते. निसण मधोमध उसवली की प्रत्येक दोरीसमोर नवी दोरी विणली जाते. अ च्या समोर थ वाचून दुसरे बसत नाही, ग च्या समोर स वाचून दुसरे बसत नाही. एका निसणीच्या दोन होतात आणि दोहोंत एक दोरी जुनी व एक नवी असते. १९५८ साली कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँकलिन स्टाल यांनी जंतूंस जड नायट्रोजन खाऊ घालून हे प्रत्यक्ष दाखवून दिले.

अर्थ कसा लागतो, हा पुढचा प्रश्न. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दास एक ॲमिनो अम्ल, असा या लिपीचा नियम आहे. चार अक्षरांचे तीन तीन प्रमाणे चौसष्ट शब्द होतात. त्यांपैकी एकसष्ट शब्द वीस ॲमिनो अम्लांचे वाचक असून उरलेले तीन पूर्णविरामाचे काम करतात. १९६१ पासून मार्शल निरेनबर्ग यांनी व पुढे पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी हा कोश सिद्ध केला. १९६८ च्या नोबेल पारितोषिकात रॉबर्ट हॉली यांजसह ते दोघे सहभागी होते.

शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या जुन्या पोथ्यांतील ओळी अशाच सलग लिहिलेल्या असत आणि वाचकास पदच्छेद स्वतः करावा लागे. अशा ओळीत एक अक्षर गळाले तर पुढील प्रत्येक पदाची फोड बदलते. पेशींतही तसेच होते. नक्कल करणारी यंत्रणा दक्ष आहे. ती चुकीचे अक्षर पुसून पुन्हा लिहिते, आणि ही सर्व दुरुस्ती जमेस धरता सुमारे शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक शिल्लक राहते. परंतु संहिताच शेकडो कोटी अक्षरांची असल्याने पिढीगणिक काही पाठभेद पडावयाचेच.

सातशे पंचविसावे अक्षर

मुंबईच्या डॉक्टरांनी जे पाहिले ते फळ होते. त्याचे बीज दृष्टीस पडावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. शर्करेची खुंटी बसविण्याचे काम एक विकर करते. हे विकर कसे घडवावे याचा मजकूर ज्या जनुकात आहे ते जनुक १९९० साली वेगळे करण्यात आले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून विकर तीनशे पासष्ट ॲमिनो अम्लांचे आहे. म्हणजे मजकूर सुमारे अकराशे अक्षरांचा. १९९७-९८ च्या सुमारास बॉम्बे गटाच्या भारतीय व्यक्तींचे हे जनुक वाचले गेले, तेव्हा त्यांत एका अक्षराचा फरक आढळला. सातशे पंचविसाव्या जागी थ असावयाचा, तेथे ग होता. त्यामुळे दोनशे बेचाळिसाव्या शब्दाचे मधले अक्षर पालटले, ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या जागी आर्जिनीन आले, आणि विकर निकामी झाले. अकराशे अक्षरांतील एका अक्षराने खुंटी नाहीशी केली.

ओ गटाचे मूळही असेच निघाले. ए आणि बी यांची पागोटी बांधणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. १९९० साली फुमिइचिरो यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाचून दाखविले. ओ गटाच्या बहुतेक माणसांत या जनुकातील दोनशे एकसष्टावे अक्षर, एक ग, गळालेले असते. पुढचे सारे पदच्छेद चुकतात, पूर्णविराम भलत्याच जागी येतो, आणि विकर अर्धवट राहते. पृथ्वीवरील कोट्यवधी ओ गटाचे लोक म्हणजे एका गळालेल्या अक्षराचे वारसदार होत. आणि त्यावाचून त्यांचे काहीही अडलेले नाही.

भारतीय बॉम्बे गटाविषयी आणखी एक गोष्ट आढळली. वरील जनुकाच्या शेजारीच त्याचे एक भावंड जनुक आहे; लाळेसारख्या स्रावांतील एच त्याच्यावर अवलंबून असतो. ज्या भारतीय व्यक्तींत सातशे पंचविसाव्या जागेचा पाठभेद होता, त्यांत हे शेजारचे जनुकही समूळ गळालेले दिसले. एका पानावर एक चूक, आणि लगतच्या पानावर संबंध उतारा गहाळ. अशा दोन खुणा निरनिराळ्या कुटुंबांत एकत्र आढळाव्यात, हा योगायोग मानणे कठीण. त्या सर्वांची पूर्वप्रत एक असावी, कोणे एके काळी कोणा एका पूर्वजाच्या संहितेत या दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात, असा तर्क येथे बळावतो. महाभारताच्या संपादकांनी पोथ्यांचे वंशवृक्ष लावताना याच प्रकारे विचार केला होता.

वंश, संशय आणि जीव

भारतात बॉम्बे गटाचा मनुष्य ढोबळमानाने दहा हजारांत एक असतो; युरोपात तो दहा लाखांत एक सांगतात. आईबापांकडून आलेल्या दोन्ही संहितांत पाठभेद असेल, तरच हा गट प्रकट होतो. एकीतच असेल तर दुसरीच्या बळावर खुंटी बसते आणि पाठभेद मुकाट्याने पुढच्या पिढीस जातो. येथे एक साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. विवाह कोणत्याही गटाकडे न पाहता होतात असे धरले, तर दहा हजारांत एक मनुष्य बॉम्बे गटाचा दिसण्यासाठी सुमारे पन्नासांत एक मनुष्य त्या अक्षराचा वाहक असावा लागतो. वाहकास त्याचा पत्ताही नसतो. नात्यांत अगर लहानशा गटातच सोयरिकी होत राहिल्या, तर दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो, हेही उघड आहे.

या गणितात एक सामाजिक प्रश्न दडलेला आहे, आणि शिक्षकांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये असे आम्हांस वाटते. आईबाप दोघेही ओ गटाचे, तर मूल ओ गटाचेच व्हावे, असे शाळांतून शिकविले जाते, आणि बहुतेक ठिकाणी ते खरेही ठरते. परंतु आई वा बाप बॉम्बे गटाचा असून साध्या तपासणीत ओ म्हणून नोंदला गेला असेल, तर त्याचे न दिसणारे पागोटे मुलाच्या खुंटीवर जाऊन बसते आणि मूल ए किंवा बी निघते. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हाइन व त्यांचे सहकारी यांनी ओ दिसणाऱ्या एका स्त्रीकडून तिच्या मुलीस बी मिळाल्याचे नोंदविले. ही गोष्ट ठाऊक नसली तर संशय कोणावर जाईल, हे आपल्या समाजात सांगण्याची आवश्यकता नाही. चार ओळींचा तक्ता फळ्यावर लिहून देणारा शिक्षक अजाणता एखाद्या निरपराध मातेवर आळ घेण्याचे साधन मुलाच्या हाती देत असतो. त्या तक्त्याखाली ‘क्वचित् अपवाद असतो, आणि त्या अपवादास मुंबईचे नाव आहे’ एवढे एक वाक्य लिहावयास फारसा वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न प्रत्यक्ष जिवाचा. बॉम्बे गटाच्या माणसास ओ गटाचे रक्त दिले, तर त्याच्या शरीरातील प्रतिपिंड त्या पेशींचा नाश करतात आणि प्राणावर बेतते. त्यास बॉम्बे गटाचेच रक्त चालते. नुसत्या पेशींची चाचणी केली तर तो ओ दिसतो. रक्तरसाचीही ओ पेशींशी गाठ घालून पाहिली म्हणजे खरा प्रकार कळतो. हा विषय आम्हां माळव्यातील लोकांपासून दूरचा नाही. २०२४ च्या मे महिन्यात इंदूरच्या रुग्णालयातील एका स्त्रीसाठी या गटाचे रक्त हवे होते, तेव्हा एक दाता महाराष्ट्रातून शेकडो किलोमीटर मोटारीने प्रवास करून इंदुरास आला. त्या दोघांची जात, भाषा, कुळ यांचा मेळ कोणी पाहिला नाही. मेळ पाहिला गेला तो एका अक्षराचा. ‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. या प्रसंगी सख्खा भाऊ निरुपयोगी ठरू शकतो आणि दूरदेशीचा अनोळखी मनुष्य जीव वाचवू शकतो.

साम्याची मर्यादा

पोथी आणि पेशी यांचे हे साम्य कोठवर ताणावे, याचाही विचार केला पाहिजे. संहिता शुद्ध करणाऱ्या संपादकाच्या मनात एक मूळ ग्रंथ असतो. त्या ग्रंथास कर्ता असतो, आणि कर्त्याच्या शब्दाजवळ पोहोचणे हे संपादकाचे ध्येय असते. पेशींतील संहितेस असा शुद्ध मूळपाठ नाही. कोणत्याही दोन माणसांच्या संहिता पडताळल्या, तर हजार अक्षरांत सुमारे एक अक्षर निराळे निघते. त्यांपैकी अमकी प्रत शुद्ध आणि तमकी भ्रष्ट असे म्हणण्यास काही आधार नाही. बॉम्बे गटाची माणसे इतरांसारखीच निरोगी आयुष्य जगतात. रक्त घेण्याचा प्रसंग येईतो त्यांच्या पाठभेदाने त्यांचे काहीच बिघडत नाही.

विसाव्या शतकात वंशशुद्धीच्या नावाखाली युरोपात जे अत्याचार झाले, त्यांच्या मुळाशी माणसांच्या शुद्ध प्रती असतात ही कल्पना होती. आपल्याकडेही कुळाचा अभिमान ‘शुद्ध रक्त’ या शब्दांत व्यक्त करण्याची रीत अजून मोडलेली नाही. डी.एन.ए.ची रचना ज्याने समजून घेतली, त्यास हे शब्द वापरताना अडखळल्यासारखे व्हावे. शुद्ध म्हणविणाऱ्या प्रत्येक कुळाच्या संहितेत गळालेली, पालटलेली व अधिक पडलेली अक्षरे आहेतच, आणि त्यांच्याच आधारे त्या कुळाचा इतिहास वाचता येतो.

१९५२ साली मुंबईच्या डॉक्टरांजवळ परीक्षानळ्या, रक्तरस आणि सूक्ष्मदर्शक एवढीच साधने होती. दुहेरी मळसूत्राची प्रतिकृती तेव्हा उभारली गेली नव्हती, आणि जनुकातील अक्षरे वाचण्याची विद्या तर कित्येक वर्षे दूर होती. तरीही न जुळणारा निकाल त्यांनी मनावर घेतला, तो जपून ठेवला, जाणत्यांस दाखविला आणि स्वतःच्या नावाने जबाबदारीपूर्वक छापला. पुढील पिढीस त्या निकालाचे सातशे पंचविसावे अक्षर वाचता आले, ते यामुळेच. आमच्या शाळांतील विद्यार्थी वॉटसन व क्रिक यांची नावे पाठ करतात. त्यांबरोबर फ्रँकलिन यांचे, आणि भेंडे, देशपांडे व भाटिया यांचेही नाव त्यांच्या कानी पडावे. विज्ञानाच्या तासास हे होईल तेव्हा होवो. इतिहासाच्या आणि मराठीच्या शिक्षकांस ते आजच करता येण्यासारखे आहे.